परळच्या झेरॉक्सवाल्या दादांना

दादा,
बाबांचा फोटो दुरुस्त करायला शिकवलंत त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून हे पत्र.

बाबांचा तो फोटो १९८२च्या संपाच्या आधीचा. गिरणीत साचा खात्याच्या, म्हणजे कापड विणायच्या विभागाच्या दारात उभे आहेत, अंगात बनियन, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत घडीची पांढरी रेघ. तुमच्याआधी तो एका स्टुडिओत जाऊन आला होता. त्यांनी रेघ घालवली, वर बाबांना गोरं केलं आणि कोट चढवला. आईने बघून विचारलं, "हे कोण?"

मग भाच्याने महागडं सॉफ्टवेअर फुकटात टाकून दिलं, सोबत व्हायरस. क्लासवाल्यांनी फी घेतली आणि पहिल्याच दिवशी जिंप, म्हणजे फोटो दुरुस्तीचं फुकट सॉफ्टवेअर, उघडून समोर ठेवलं. "यात सगळं येतं," म्हणे. मला काहीच येत नव्हतं, त्याचं काय?

तुम्ही आधी विचारलंत, "काकू, नक्की करायचंय काय?" मग म्हणालात, विंडोज आहे ना, आधी पेंट डॉट नेट घ्या, ते जिंपपेक्षा सोपं. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेली काच, हे तिथे कळलं. क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून डागावर चिकटवून, मागच्या भिंतीवरची रेघ गेली, पण बाबांच्या गालावर ठिगळ दिसायला लागलं. तेव्हा कुठे तुम्ही जिंपमधलं, आजूबाजूच्या रंगात मिसळून जाणारं हील टूल दाखवलंत. तेच जिंप, पण आता भीती वाटली नाही. (क्रिताबद्दल विचारलं तर हसलात. ते चित्रं काढणाऱ्यांचं.) जिंपमध्ये 'सेव्ह' केलं की जिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल होते, व्हॉट्सॲपवर पाठवायला 'एक्सपोर्ट' करावं लागतं, हे मला तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदाही पहिल्यासारखंच.

पण पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नाही. खांद्यावरचे पांढरे ठिपके मी पुसायला घेतले आणि तुम्ही म्हणालात, "थांबा काकू. हे डाग आहेत की कापूस?"

कापूसच तो. बाबा पाळीवरून यायचे तेव्हा केसांत, भुवयांत, खांद्यावर कापूस असायचा. आई दारातच झटकायला लावायची. स्टुडिओवाल्याने तो पुसला होता आणि मीही, त्यांची मुलगी, पुसायलाच निघाले होते. तुमच्या काउंटरवर आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी चारपाच जण ताटकळत होते. त्यांना "दोन मिनिटं" म्हणालात आणि काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवलात.

१९९५मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी जिंप सुरू केलं, आणि अजूनही कुठली कुठली माणसं ते हौसेने सांभाळतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्यांना साचा खातं कुठून माहीत असणार! तरी बाबांचा गाल त्यांच्यामुळेच सांधला. अशी माणसं पाटी लावून बसत नाहीत, म्हणून आपल्याला उशिरा सापडतात.

फोटो भिंतीवर लागलाय. डाव्या कानाशी माझा हात जरा घसरलाय, ते मला दिसतं. आईला नाही दिसलं. तिने त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजपण झटकून आले नाहीत."

तुमची,
लालबागची काकू