पक्यास पत्र: रोज दम काढू नकोस

प्रिय पक्या,

परवा रात्री साडेअकराला तुझे नऊ स्क्रीनशॉट आले आणि खाली एकच ओळ, यातला कुठला प्लॅन घेऊ. अरे एवढ्या रात्री कोणी घरातल्या सायकलीचा ट्रेनिंग प्लॅन निवडतं का? ते मेसेजवर टाइप करत बसलो असतो तर अंगठे गेले असते म्हणून आज रविवारी निवांत लॅपटॉप उघडून लिहितोय, लांबण लागेल, सावकाश वाच.

आधी एक कबुली देतो. तुला वाटतं मी या इनडोअर सायकलिंगमधला जाणकार आहे, पण माझे पहिले चार महिने अक्षरशः वाया गेले. रोज उठायचं, तोच चाळीस मिनिटांचा व्हिडिओ लावायचा, तोच रेझिस्टन्स, ती बाई ओरडणार अजून जोर अजून जोर, आणि मी पण येडा जोर लावणार, खाली घामाचं तळं, उतरल्यावर पाय थरथरतायत आणि मी खूश, काय ट्रेनिंग चाललंय म्हणून. चार महिन्यांनी आकडे बघितले तर तेवढेच वॉट, म्हणजे पेडलवर पडणारी पॉवर, आणि हृदयाचे तेवढेच ठोके, जिथल्या तिथे. वर दुपारी ऑफिसात डुलक्या यायच्या त्या वेगळ्याच.

का झालं हे नंतर कळलं. माझी प्रत्येक राइड मध्यम-कठीण होती, म्हणजे ना धड सोपी ना धड कठीण. रोज केल्यावर अंग सावरणार नाही इतकी जड, आणि हृदयाची वरची मर्यादा ढकलायला मात्र कमीच. दमणं आणि सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाळिशीत कळलं, तुला आजच सांगून ठेवतो.

स्टीफन सायलर म्हणून एक संशोधक आहेत, मूळचे अमेरिकेचे पण काम नॉर्वेत. त्यांनी अव्वल दर्जाचे रोइंगवाले, स्कीवाले, सायकलवाले खरंच काय करतात ते तपासलं, तर साधारण ८० टक्के सेशन हळू आणि २० टक्के खरोखर जोरात असं निघालं. आता लगेच ८०-२० चा तक्ता भिंतीवर चिकटवू नकोस. ती माणसं आठवड्याला पंधरा-वीस तास करतात, आपल्याकडे जेमतेम चार तास, आपल्याला तोच हिशेब जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. पण त्यातली मुख्य गोष्ट आपल्यालाही लागू आहे, सोपं ते खरंच सोपं ठेवायचं म्हणजे कठीण दिवशी अंगात काहीतरी शिल्लक असतं. मी आता आठवड्याला चार दिवस करतो, दोन सोपे, एक कडक, आणि चौथा झोप कशी झालीय त्यावर.

सोपं म्हणजे किती सोपं? तू फोनवर माझ्याशी पूर्ण वाक्यात भांडू शकलास पाहिजेस. वाक्य मधेच तोडून श्वास घ्यावा लागला की समज जास्त झालं. पहिले पंधरा दिवस हे फार अपमानास्पद वाटतं, आपण काही करतच नाही असं वाटतं, पण स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढणं, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढणं, हृदयाचा एकेक ठोका जास्त रक्त फेकायला लागणं, ही कामं या कंटाळवाण्या तासातही होतात. ४५ मिनिटं ते तासभर, क्रिकेटची मॅच लाव, पॉडकास्ट लाव, काहीही लाव.

आता आकड्यांचं. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये सगळीकडे एफटीपी एफटीपी लिहिलंय, ते म्हणजे ढोबळमानाने तू तासभर टिकवू शकशील एवढी पॉवर, वॉटमध्ये. ती काढायची जुनी पद्धत म्हणजे नीट वॉर्मअप करून २० मिनिटं जमेल तेवढं सलग जोरात मारायचं आणि सरासरीच्या ९५ टक्के धरायचे. मी पहिल्यांदा ही टेस्ट केली तेव्हा सुरुवातीलाच असा सुटलो की सातव्या मिनिटाला हँडलवर डोकं टेकवून बसलो होतो, टेस्ट बोंबलली. नवख्याला रँप टेस्ट बरी, दर मिनिटाला वॉट थोडे वाढत जातात, पाय थांबेपर्यंत मारायचं, आणि शेवटच्या चांगल्या मिनिटाच्या पॉवरच्या ७५ टक्के घ्यायचे. अंदाजच आहे तो, कुणाचा जास्त येतो कुणाचा कमी, पण त्यात डोकं कमी लागतं. आकडा मिळाला की सोपी राइड त्याच्या ५६ ते ७५ टक्क्यांत. ते स्वीट स्पॉट म्हणतात ना ते ८८ ते ९४ टक्के, वेळ कमी असेल तर कामाचं आहे, पण माझा तो वाया गेलेला काळ जवळजवळ तिथेच गेला, म्हणून रोज नको, एखादाच दिवस.

तुझी ती जिमछाप स्पिन बाइक असेल आणि पॉवर मीटर नसेल तर स्क्रीनवरच्या वॉटवर फार विश्वास ठेवू नकोस, बऱ्याच बाइकवर तो अंदाजपंचे असतो. छातीचा पट्टा घे आणि ठोके बघ. पण तिथेही गंमत आहे, कमाल ठोके काढायला २२० वजा वय हे सूत्र सगळे फेकतात, दुसरं एक २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे, आणि चाळिशीला दोन्हींचं उत्तर १८० च येतं, म्हणजे त्यावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही. खरा घोळ असा की ही सरासरी आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतात. म्हणून दहापैकी किती जोर वाटतोय असं स्वतःला विचारायची सवय लाव. सोपी राइड तीन-चार, कडक इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोर आणि मधे आराम, त्यातला जोर आठ-नऊ. हसू नकोस, काही महिन्यांत हे इतकं जमतं की घड्याळ बघावं लागत नाही.

आता तुझा लाडका टबाटा. नऊतल्या चार प्लॅनवर ते नाव आहे, आणि एकातही ते खरं टबाटा नाही. इझुमी टबाटा आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा अभ्यास आहे, तो सायकल एर्गोमीटरवरच, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या जागेवरच्या सायकलवर झाला होता, २० सेकंद जोर आणि १० सेकंद आराम, असे सात-आठ राउंड, आणि जोर किती तर व्हीओटू मॅक्सला, म्हणजे शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं तिथे, जेवढी पॉवर लागते त्याच्या १७० टक्के. शेवटी माणूस संपलाच पाहिजे असा. आपण व्हिडिओ बघत हसत हसत वीस मिनिटं जे करतो ते चांगलं असेल पण ते हे नाही. आणि त्यातली कोणी न सांगणारी गोष्ट ऐक, त्याच अभ्यासात दुसरा गट होता, ते तासभर व्हीओटू मॅक्सच्या ७० टक्क्यांवर एकसारखं मारायचे, आठवड्यात पाच दिवस. सहा आठवड्यांत त्यांचाही व्हीओटू मॅक्स मिनिटाला किलोमागे ५ मिलीने वाढला, टबाटावाल्यांचा ७ ने. म्हणजे तासभर शांतपणे मारणारे काही मूर्ख नव्हते.

मग कडक दिवशी करायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी पुरे. एक ४ गुणिले ४, म्हणजे चार मिनिटं इतकं जोरात की ठोके कमालच्या ९० ते ९५ टक्क्यांवर जातील, मग तीन मिनिटं हळू, असं चारदा. नॉर्वेच्या लोकांनी हे गाजवलं, २००७ च्या त्यांच्या अभ्यासात मंडळी पळत होती पण सायकलवर तसंच करता येतं. पहिल्या चार मिनिटांत ठोके तिथवर पोचतच नाहीत, घाबरू नकोस, ते मागून येतात. दुसरं म्हणजे ३०-१५, तीस सेकंद जोरात, पंधरा सेकंद निम्म्या पॉवरवर, असे १३, मग तीन मिनिटं आराम, आणि असे तीन सेट. हे रोनेस्टाड नावाच्या नॉर्वेजियन संशोधकामुळे सायकलवाल्यांत रुजलं. मला हे जास्त आवडतं कारण तीस सेकंद मनाला फसवता येतं, चार मिनिटं नाही फसवता येत. तू मात्र सुरुवातीला एकच सेट कर, मग दोन.

अजून एक, स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे सायकल जोडायच्या आणि स्वतःच रेझिस्टन्स बदलणाऱ्या यंत्रावर, एर्ग मोड असतो, त्यात मशीनच पॉवर धरून ठेवतं, तू हळू फिरवलंस की रेझिस्टन्स वाढतो, त्याने पाय अजून हळू होतात, मग अजून वाढतो, आणि शेवटी पाय सिमेंटात रुतल्यासारखे अडकतात. सोप्या राइडला मस्त आहे, ३०-१५ ला बंद ठेव.

पंख्याचं तर तुला ओरडून सांगावंसं वाटतं. आपलं शरीर फार अकार्यक्षम इंजिन आहे, पेडलवर २०० वॉट टाकायचे तर अंगात साधारण ६०० ते ८०० वॉटची उष्णता तयार होते. बाहेर वारा ती नेतो, घरात कोण नेणार? मग तीच पॉवर असूनही ठोके हळूहळू चढत जातात आणि आपल्याला वाटतं आज फॉर्म नाही. छतावरचा पंखा चालत नाही, समोर मोठा ठेव, छातीवर वारा आला पाहिजे. माझ्या मते कुठल्याही ॲपपेक्षा पंखा आधी. आणि सायकल पुसत जा, घामाने बोल्ट गंजतात, माझं हँडल एकदा हलेचना.

बूड दुखेल. घरात उतार नाही, सिग्नल नाही, माणूस तासभर एकाच जागी रुतून बसतो म्हणून बाहेरपेक्षा जास्त दुखतं. दर आठ-दहा मिनिटांनी वीस सेकंद उभा राहा. सीटची उंची अशी बघ, पेडल एकदम खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा, मग पायाचा पुढचा भाग ठेवलास की गुडघ्यात किंचित वाक येतो. गुडघा पुढून दुखायला लागला तर बहुतेक वेळा सीट खाली असते. माझी दीड महिना खाली होती आणि मी वयाला शिव्या देत होतो.

तर तुझे नऊ प्लॅन. ज्यात आठवड्याला चार-पाच कडक दिवस आहेत ते सरळ काढून टाक, तिथेच पाच गेले. सुरुवातीला टेस्टच नाही आणि सगळ्यांना एकच वॉट सांगतात ते दोन पण गेले. उरलेल्या दोनांत निळ्या रंगाचा घे, त्यात तीन आठवडे वाढवून चौथा हलका आहे, दुसऱ्यात सोळा आठवडे नुसतं चढतच जातं, कोण करणार ते. सहा-आठ आठवड्यांनी परत टेस्ट कर, मधे दर रविवारी करू नकोस, तुझा स्वभाव माहितीये मला. आणि दोन दिवस पंधरा मिनिटं स्क्वॅट (उठाबशा) वगैरे कर, कारण सायकलवर वजन सीट घेते, हाडांना काही काम मिळत नाही.

गेल्या वर्षी तुझं बीपी वर गेलं होतं ते मी विसरलेलो नाही. सोप्या राइड आजपासून कर, पण ते ४ गुणिले ४ डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, आणि विचारलं असं खोटं सांगू नकोस, वहिनीला फोन करून खात्री करीन.

उद्या सकाळी पहिली राइड मार, ४५ मिनिटं, पूर्ण वाक्यात बोलता येईल अशी, आणि टाच पेडलवर ठेवून बाजूने काढलेला एक फोटो पाठव, सीट बघून सांगतो.

तुझा,
बाळ्या