पावसाळ्याआधी घराचा विमा

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर विम्याचं काढलं की बाबा "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात, म्हणून सविस्तर लिहितेय. खालच्या मजल्याच्या भाड्यावर तुमचं औषधपाणी चालतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आत शिरली, भाडेकरू गेले आणि भिंती वाळून रंग लागेपर्यंत भाडंही बंद झालं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २०२१ ला पुन्हा पूर. सांगलीत राहून आणखी किती वाट बघायची?

'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे. मूळ अटी विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकानेच ठरवल्यात, त्यामुळे कंपनी कुठलीही घ्या. आग, पूर, वादळ, भूकंप, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे त्यात येतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते भाड्याचं कलम. अशा आपत्तीमुळे घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुरुस्तीला लागणाऱ्या वाजवी काळाचं बुडालेलं भाडं भरून मिळतं. भाडेकरूने भाडं थकवलं तर मात्र नाही. जुनाट ओल, झिजलेला गिलावा हेही नाही.

बाबा, घराच्या बाजारभावावर हप्ता लागेल ही भीती सोडा. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. चटईक्षेत्राला, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेला, आजच्या बांधकामाच्या दराने गुणायचं, एवढंच. आपल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. आई, तुझे दागिने त्यात धरलेले नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतील.

खालच्यांचा फ्रिज, कपाटं आपल्या पॉलिसीत बसत नाहीत. त्यांनी स्वतःची घ्यावी, हे त्यांना आत्ताच सांगा. पुरानंतर सांगितलं तर संबंध बिघडतात. अर्जात खालचा मजला भाड्याने दिलाय हे स्पष्ट लिहा. लपवलेलं दाव्याच्या वेळी नडतं.

आणि करार तोंडी ठेवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लेखी करार नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावरच आहे.

घरपट्टीची पावती काढून ठेवा, दोन्ही मजल्यांचे फोटो पाठवा. रविवारी फोनवर बसून अर्ज भरू.

तुमची लेक