काका, तुमच्या त्या कागदासाठी आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या घरी येऊन आभार मानलेच होते, पण चहा आणि गप्पांत मुद्द्याचं बोलणं राहून गेलं. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचू देते आहे, कारण वडोदऱ्यातल्या आणखी एखाद्या भजनी मंडळाला त्याचा उपयोग होईल.

तुम्ही वापरायला दिलेला कॉर्गचा मायक्रोअरेंजर, म्हणजे आपोआप साथ देणारा छोटा कीबोर्ड, आता आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळात रुळला आहे. पट्ट्या ६१, तरी रिक्षात शेजारी ठेवून नेता येतो. पियानोच्या मापाचं एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरतं. इथे ते बरंच आखूड आहे. माझा हात पेटीवर वाढलेला आणि लहान, त्यामुळे अंगठा षड्जावर ठेवला की करंगळी तार षड्जावर सहज पोचते. जलद तान घ्यायला गेलं की मात्र शेजारची पट्टी दाबली जाते. हे साथीचं वाद्य आहे, तानेचं नाही, असं माझं मत झालं आहे. आवाजाची सवय व्हायला वेळ लागला. पेटीत जोर भात्यातून येतो, इथे बोट किती वेगाने पडतं त्यावर ठरतो.

पण खरे आभार मानायचे आहेत ते तुम्ही लिहून दिलेल्या कागदाचे. वर सरगम, खाली डाव्या हाताचे कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वर. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, ज्या गावात संगीतशाळा निघाली आणि गायक मौलाबक्षांनी नोटेशनवर, म्हणजे स्वर लिहून, गाणं शिकवलं, त्या गावाला शोभेल असाच तो कागद आहे.

भूप रागातल्या अभंगाखाली तुम्ही दोनच कॉर्ड लिहिले होते: सी मेजर आणि ए मायनर. मला वाटलं, बाकीचे पुढच्या वेळी सांगाल. मग तुम्ही सा-ग-प (सी मेजर) दाबून दाखवलंत, ध-सा-ग (ए मायनर) दाबून दाखवलंत, आणि त्यानंतर जी सेवन हा तिसरा कॉर्ड. त्यात प, नी, रे, म. भूपात वर्ज्य असलेले म आणि नी हे दोन्ही स्वर बेस आणि गिटारमधून ऐकू आले, आणि गाणाऱ्या मावशींनी तिथल्या तिथे मान वळवून पाहिलं. सा रे ग प ध एवढ्यातून तीन स्वरांचे सरळ कॉर्ड दोनच निघतात, हे इतकी वर्षं पेटी वाजवून मला कधी सुचलं नव्हतं. अरेंजर डाव्या हाताने दिलेल्या कॉर्डवर सगळा ताफा उभा करतो. तिथे चूक झाली तर ती पाच वाद्यांतून एकदम ऐकू येते.

दुसरी गोष्ट तालाची. सहा मात्रांच्या दादऱ्याच्या गाण्याला मी वॉल्ट्झ, म्हणजे यंत्रातला तीन मात्रांचा पाश्चात्त्य ठेका, लावत होते. तुम्ही म्हणालात, सहा-आठची स्टाइल (यंत्रातला तयार ठेका) घ्या, लय कमी करा. गाणं लगेच झुलायला लागलं. सिंक्रो स्टार्टही तसंच: मुखडा गाऊन झाला, समेवर डावा हात टेकवला की ठेका तिथूनच सुरू. आता यंत्रासाठी कुणी थांबत नाही, यंत्रच आमच्यासाठी थांबतं. ट्रान्सपोज, म्हणजे सूर वरखाली सरकवण्याची सोय, उणे चार केलं की पांढरी एक वाजवून काळी चार मिळते, हे तर आमच्या बायकांना फारच आवडलं.

ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेला माणूस भजनाला बसून, एकदाही घाई न करता, हे सगळं सांगत होता. काका, एवढ्या सबुरीने फार कमी लोक शिकवतात.

रूपकातला एक अभंग अजून अडला आहे. सात मात्रांना बेतलेली स्टाइल मला सापडत नाही, म्हणून सध्या तो तबल्यावरच गातो. सवडीने एकदा याल का? मंडळ गुरुवारी संध्याकाळी बसतं.

आपली कृतज्ञ,
मंडळातली पेटीवाली