अकाली जन्मलेल्या बाळांना ऑक्सिजन मोजूनच द्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ‘लगेच ऑक्सिजन लावा’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो आणि तो समजण्यासारखाही आहे. परंतु ऑक्सिजन हेही औषधच असल्याने त्याची मात्रा ठरवावी लागते. गर्भात बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मुळातच कमी असते, त्यामुळे जन्मानंतर पहिल्या मिनिटाला पल्स ऑक्सिमीटरवर ६० ते ६५ टक्के दिसणे स्वाभाविक असून, पाचव्या मिनिटापर्यंत ते ८० ते ८५ टक्क्यांवर यावे, अशी अपेक्षा असते. त्यासाठी सेन्सर बाळाच्या उजव्याच हाताला बांधावा लागतो आणि हवा व ऑक्सिजन यांचे मिश्रण कमी-अधिक करणारा ब्लेंडर हाताशी असावा लागतो. काही लहान प्रसूतिगृहांत मात्र केवळ सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजनच उपलब्ध असतो.

१९४० व १९५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत, सढळ हाताने दिलेल्या ऑक्सिजनमुळे हजारो अर्भकांची दृष्टी गेली. पुढे त्यावर सरसकट निर्बंध आले, तेव्हा डोळे वाचले, पण मृत्यू वाढले. म्हणूनच अतिदक्षता विभागात आता बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनसाठी साधारणपणे ९० ते ९५ टक्के हे लक्ष्य ठेवले जाते.

आरोग्य विभागाने प्रत्येक प्रसूतिकक्षात ऑक्सिमीटर व ब्लेंडर पुरवावेत. तसेच ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची दृष्टिपटल (डोळ्याच्या आतील पडदा) तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळांची त्याहूनही आधी व्हावी, यासाठी तिची तारीख डिस्चार्ज कार्डावरच ठळकपणे लिहिणे बंधनकारक करावे.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सातारा