यंदा कॅबर्नेची रोझे केली आहे

दिंडोरी,
18 एप्रिल 2020

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

भाजीची गाडी उद्या पहाटे नाशिकला निघते आहे, तिच्याबरोबर हे पत्र देते. फोनवर बाबांचा आवाज चढला की त्यांना धाप लागते आणि माझं अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमच्या कॅबर्नेच्या द्राक्षांची यंदा रेड वाइन केली नाही, फिकट गुलाबी रोझे केली. जनता कर्फ्यूनंतर पेठ-सुरगाण्याची माणसं गावाकडे निघायला लागली, ती जायच्या आत घड उतरवणं भाग होतं. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, 21.5 होता. 24 झाल्याशिवाय तुम्ही कात्री लावू देत नाही हे मला माहीत आहे, पण कापायला हातच उरणार नव्हते. तुम्ही पाहता तसं बी चावून पाहिलं, तर हिरवं, जिभेला धरणारं. असा माल सालीसकट आठ-दहा दिवस ठेवला असता तर बियांचा सगळा तुरटपणा वाइनमध्ये उतरला असता आणि तो बॅरलमध्ये दोन वर्षं ठेवूनही गेला नसता. शिवाय रेडला दिवसातून तीनदा साल खाली दाबायची. एक पाळी चुकली की वरचा थर तापतो, सुकतो आणि व्हिनेगरचा वास धरतो. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, म्हणून टाकीवर एकट्यानं चढायचं नाही हा तर तुमचाच नियम. इथे मी आणि मुकादम, दोघंच आहोत. म्हणून रोझे.

केली मात्र नीट. क्रशरमधून काढून चार तास साल ठेवली, मग हलक्या दाबानं प्रेस केलं. शेवटचा कडवट रस त्यात मिसळलाच नाही. 2 टनांतून साधारण 1,200 लिटर रस निघाला. 10 अंशांवर एक दिवस बसू दिला, वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत घेतला आणि 15 अंशांच्या आसपास आंबवला. आता ती कोरडी झाली आहे, साखर उरलेली नाही. रंग डाळिंबाच्या कोवळ्या दाण्यासारखा आलाय, बाबा. नायट्रोजनचे सिलिंडर मिळत नाहीत, म्हणून तरंगत्या झाकणाच्या टाकीत ठेवली आहे. त्या झाकणाच्या रबरी ट्यूबमधली हवा सकाळ-संध्याकाळ तपासते. ती उतरली तर फटीतून हवा आत जाते आणि वर पांढरी साय धरते.

गेल्या वर्षीच्या शिराज रेड वाइनची काळजी करू नका. बॅरलमागे पंधरवड्याला अर्धा लिटर तरी उडतोच, तो भरून काढते आहे. खोली 17-18 अंशांवर आहे, जमीन ओली ठेवते. पीएच 3.6 असल्यानं वाइन टिकवणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड 30 पीपीएमच्या खाली जाऊ देत नाही. 225 लिटरच्या बॅरलला 4 ग्रॅम केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घातलं की साधारण 10 पीपीएम वाढतं, तेही थोड्या वाइनमध्ये पूर्ण विरघळवूनच घालते.

आणि याच कारणासाठी बाबा, तुम्ही इथे यायचं नाही. पास मिळाला तरी नाही. केएमएसचा डबा उघडला की माझ्याच छातीत खवखवतं, तुमच्या दम्याला तो वास काय करेल? मालेगावात रुग्ण वाढताहेत, रस्त्यात नाके आहेत, ताटकळत उभं राहावं लागतं. मीही लॉकडाउन उठेपर्यंत घरी येणार नाही. गाडीवाले, पंपवाले, डिझेल आणून देणारे, इथे कोण ना कोण भेटतंच. त्यांच्यात वावरून तुमच्या स्वयंपाकघरात येणं मला जमायचं नाही. आई, तुला वाईट वाटेल, पण हे ठरलंय.

लाइट दुपारी जाते. जनरेटर लावला की आधी चिलर सुरू करायचा, तो स्थिर झाला की मग पंप, हे मुकादमांना भिंतीवर लिहून दिलं आहे. सगळं एकदम लावलं तर जनरेटर बसतो.

बाटल्या, बुचं, लेबलं काही येत नाही, म्हणून शेनिनची पांढरी वाइन टाकीतच राहू देणार. दुकानं, हॉटेलं बंद, पर्यटक नाहीत, त्यामुळे या महिन्यात पैसा येणार नाही. पण वाइन थांबू शकते. शेजारच्यांच्या थॉमसन द्राक्षांना थांबता येत नाही, ते बिचारे मिळेल त्या रॅकवर बेदाणा टाकताहेत. 2009 च्या मंदीत तुम्ही टाक्या भरलेल्या ठेवल्या आणि कोणाच्या दारात गेला नाहीत, ते मी विसरलेले नाही.

पैशापेक्षा मला खरड छाटणीची, म्हणजे हंगामानंतर वेली छाटण्याची, चिंता होती. वस्तीवर राहिलेल्या दोन कुटुंबांना धरून ती चालवली आहे, बाटल्या भरण्यापेक्षा ती आधी. छाटणी मेच्या मध्यावर गेली तर काडीत घड तयार व्हायच्या दिवसांतच जूनचं ढगाळ हवामान येईल आणि पुढच्या हंगामात नुसत्या वांझ काड्या दिसतील. शिराज झाला, कॅबर्ने निम्मा उरलाय.

आई, मी नीट जेवते. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, दही रोज असतं. लॅबच्या वरच्या खोलीत झोपते, पंखा आहे, मच्छरदाणी आहे, तू दिलेली गोधडी पहाटे लागतेच. हाताची बोटं काळी झाली आहेत. लहानपणी तू लिंबू चोळून, नखं एकेक करून धुवायचीस, तसं इथे कोणी करत नाही. काल लिंबू घेतलं आणि तुझी फार आठवण आली.

आता ऐका. बाबा, इन्हेलर स्पेसर लावूनच घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. पहाटेचं फिरणं गच्चीवर. पेन्शनसाठी बँकेच्या रांगेत उभं राहायचं नाही, आतेभाऊ पैसे आणून देईल. आई, बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या मागवून ठेव. दुधाची पिशवी धुऊन घे, आणि गुडघा दुखत असताना धुणं-भांडी एकटीनं काढू नकोस, बाबांना कपडे वाळत घालता येतात.

रोज रात्री आठला मी टाक्यांचं तापमान आणि सल्फरचे आकडे फोनवर सांगेन, बाबांनी ते वहीत लिहायचे. एक्साइजची नोंदवही मी इथे भरते आहे, तिच्याशी ताळा जुळला पाहिजे. आणि शिराजच्या कोणत्या बॅरल वेगळ्या काढायच्या, त्यांचे नंबर याच गाडीबरोबर लिहून पाठवा. सोमवारी ती परत येईल. आई, डबा पाठवू नकोस, फक्त लिंबाचं लोणचं दे.

तुमची,
मनू