विद्यार्थी विकास अधिकाऱ्यालाही शिकवा

महोदय,

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. नऊ वर्षे महाविद्यालयाचा विद्यार्थी विकास अधिकारीही होतो, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अडचणी आणि उपक्रम पाहणारा. नेमणुकीचे पत्र मिळाले, प्रशिक्षण एका दिवसाचेही नाही. एकदा दुसऱ्या वर्षाची मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी ओढणीचे टोक पिळत उभी होती. शिष्यवृत्तीचे काम असेल समजून मी कागद मागितले. ‘नंतर येते सर’ म्हणाली, ती परत आलीच नाही. घरच्यांनी लग्न ठरवले होते, हे मैत्रिणीकडून कळले. आजही जिवाला लागते.

अमेरिकेत या कामासाठी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते. समुपदेशन, कायदा शिकता शिकता वसतिगृहात प्रत्यक्ष कामही करतात. आपल्याकडे २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळ आहे. तेव्हा विद्यापीठांनी या अधिकाऱ्यांसाठी निदान वर्षभराची पदविका सुरू करावी, शिकवण्याच्या तासिकांत सूटही द्यावी.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा