रविवारी विंटन गाडी बघायला : आठवण

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी बरोबर १० वाजता वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीच्या दारात भेटायचं आहे. प्रवेश मोफत आहे. दारावर बॅगा तपासतात, म्हणून सामान कमी ठेवा.

आपण मुख्यतः जातोय ती विंटन या अमेरिकन कंपनीची १९०३ ची मोटार बघायला. दोन सिलिंडरची, २० अश्वशक्तीची, वर छप्पर नाही. व्हरमाँट राज्यातले डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांनी मोटारीने अमेरिका ओलांडून दाखवायची ५० डॉलरची पैज लावली आणि त्यासाठी ती सॅन फ्रान्सिस्कोत सेकंडहँड घेतली, तीही नव्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजून! सोबतीला मेकॅनिक स्यूअल क्रॉकर. त्याच वर्षी २३ मे रोजी निघून ६३ दिवसांनी ते न्यूयॉर्कला पोहोचले. मोटारीने अमेरिका आरपार ओलांडणारे ते पहिलेच. वाटेत आयडाहोत घेतलेला बड नावाचा बुलडॉग धुळीपासून बचावासाठी गॉगल लावून पुढे बसायचा.

मला मात्र त्यापुढची गोष्ट जास्त भावते. जॅक्सननी गाडी विकली नाही. 'व्हरमाँट' हे नाव दिलेली ही गाडी त्यांनी चाळीसेक वर्षं स्वतःकडे ठेवली आणि १९४४ मध्ये बडच्या गॉगलसह स्मिथसोनियनला, म्हणजे हे संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेला, दिली. म्हणजे त्या प्रवासापासून संग्रहालयापर्यंत मालक एकच! इतक्या जुन्या गाडीच्या बाबतीत हे फार दुर्मीळ आहे.

मुलांना जरूर आणा. किती जण येणार ते शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.